शेवगा, त्याखालची माती आणि एक तपकिरी केसाळ पतंग : बालाघाटावरील एका शाळेचे प्रकरण

बीड जिल्ह्यात बालाघाटाचे पठार जिथे मांजरा खोऱ्याकडे उतरू लागते, त्या उतारावरील एका वस्तीच्या शाळेत हे प्रकरण घडले. शाळेच्या दक्षिण बाजूच्या भिंतीलगत परसबाग आहे आणि तीत शालेय पोषण आहाराला हातभार म्हणून लावलेली शेवग्याची झाडे आहेत. झाडे वाढली, शेंगा येऊ लागल्या, आमटीत पडू लागल्या. आणि नंतरच्या एका पावसाळ्यात, पोळा उलटून गेल्यावर, त्यांच्या बुंध्यांवर तपकिरी केसाळ सुरवंटांचे थरच्या थर दिसू लागले. दिवसभर ते तिथे हालचाल न करता चिकटून असत. काही मुलांच्या मानेवर व हातांवर गांधी उठल्या. एका मुलीचा डोळा लाल झाला तेव्हा तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे लागले. "सर, हे झाडं काढून टाका बरं, लेकरांच्या अंगावर घुले पडायलेत," असे पालक येऊन सांगू लागले आणि शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवावी लागली.

बैठकीत तीन सूचना आल्या. पहिली, झाडे मुळासकट काढावीत. दुसरी, कापसावर मारतात तसले एखादे जहाल कीटकनाशक फवारावे. तिसरी, रात्री टेंभा पेटवून बुंधे भाजून काढावेत. पहिल्या सूचनेला स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा विरोध होता, कारण शेंगा आणि पाला दोन्ही त्यांच्या रोजच्या उपयोगाचे होते. दुसऱ्या सूचनेला शाळेच्या कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याने ठाम नकार दिला. त्याच्याकडे तुतीची बाग आणि रेशीम कीटकांचे संगोपनगृह आहे, आणि वाऱ्याबरोबर फवाऱ्याचा तुषार तुतीच्या पाल्यावर बसला तर अख्खी बॅच हातची जाते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. तिसऱ्या सूचनेवर एकमत होत आले होते. त्या टप्प्यावर मुख्याध्यापकांनी निर्णय पुढे ढकलला आणि परिसरातील कीटकांच्या नोंदी ठेवणारा म्हणून मला बोलावले.

समितीला हवे होते ते सुरवंट कसे मारायचे याचे उत्तर. मला मात्र आधी हे ठरवायचे होते की, हा सुरवंट कोणत्या पतंगाचा आहे आणि तो पतंग वर्षाचे बाकीचे महिने कुठे असतो. या दोन गोष्टी कळल्यावाचून दिलेले कोणतेही उत्तर एका हंगामापुरते ठरले असते.

ओळख कशी पटली

सुरवंटावरून जात ठरवणे धोक्याचे असते. केसाळ, तपकिरी आणि घोळक्याने राहणारे सुरवंट पतंगांच्या अनेक कुलांत आढळतात. सुदैवाने शाळेतल्या एका शिक्षिकेने जून महिन्यात, पहिला दमदार पाऊस झाला त्या रात्रीनंतर, व्हरांड्याच्या भिंतीवर बसलेल्या पाखरांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर काढून ठेवली होती. सकाळी झाडताना "मोठी मोठी तपकिरी पाखरं" खांबावरच्या दिव्याखाली पडलेली असत, असे स्वयंपाकघरातल्या ताईंनीही सांगितले. छायाचित्रांतला पतंग मोठा, जाड अंगाचा आणि जवळजवळ एकरंगी होता. झाड शेवग्याचे, सुरवंट बुंध्यावर गटाने बसणारा आणि पतंग पावसाच्या आरंभी येणारा, या तिन्ही खुणा एकत्र केल्यावर संशय युप्टेरोट मॉलिफेरा या जातीकडे वळला. दक्षिण भारतात शेवग्यावरील केसाळ अळी म्हणून कृषी कीटकशास्त्रात तिची नोंद आहे. खात्रीसाठी काही सुरवंट जाळीच्या पिंजऱ्यात शेवग्याच्या पाल्यावर वाढवले, त्यांना कोशात जाण्यासाठी मातीने भरलेल्या कुंड्या दिल्या, आणि पुढल्या वर्षी त्याच कुंड्यांतून बाहेर आलेल्या पतंगांवरून ओळख पक्की केली.

ही जात फ्रान्सिस वॉकर या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १८६५ साली वर्णिली. ती युप्टेरोटिडी कुलातली आहे. या कुलाचे सगेसोयरे पाहिले की कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याची भीती किती रास्त होती ते लक्षात येते. युप्टेरोटिडी, तुतीवरच्या रेशीम पतंगाचे बॉम्बिसिडी कुल आणि टसर पतंगाचे सॅटर्निडी कुल ही सगळी बॉम्बिकॉइडिया या एकाच महाकुलात मोडतात. शाळेच्या अंगणातला नकोसा सुरवंट आणि पलीकडच्या रॅकवरचा लाडका रेशीमकिडा अशा रीतीने एकमेकांचे दूरचे भाऊबंद लागतात, आणि एकाला मारणारे औषध दुसऱ्याला सोडील ही अपेक्षाच फोल आहे.

पतंगाचे रूप

कुंडीतून नुकताच बाहेर आलेला, पंख सुकवत बसलेला पतंग जवळून पाहिला की प्रथम नजरेत भरते ती त्याची छाती. डोक्यामागचा सगळा भाग लांब, मऊ, दाट केसांनी इतका झाकलेला असतो की मान अशी दिसतच नाही. हे केस वास्तविक खवल्यांचेच बदललेले रूप आहे. पंखांवर जे खवले चपटे होऊन कौलांसारखे रचले जातात, तेच अंगावर लांबट होऊन लोकरीचे काम करतात. पतंग रात्री उडतो, आणि उडण्यासाठी छातीचे स्नायू तापलेले असावे लागतात, म्हणून ही लोकर त्याची ऊब धरून ठेवते. मोठ्या पतंगांच्या छातीवरचे असे केस वटवाघळाने सोडलेला श्राव्यातीत ध्वनी शोषून प्रतिध्वनी क्षीण करतात, असेही काही जातींवरील प्रयोगांतून दिसून आले आहे.

पंखांचा रंग फिकट पिवळसर तपकिरी आहे, वाळलेल्या कडब्याच्या पेंढीशी मिळताजुळता. पुढचे आणि मागचे पंख जवळजवळ एकाच छटेचे असतात; त्यावर डोळ्यांसारखे ठिपके नाहीत, ठळक पट्टे नाहीत, पांढरे डाग नाहीत. बारकाईने पाहिले तर आडव्या, नागमोडी, अंधूक रेषा दिसतात, पण चार हात अंतरावरून त्या पुसल्यासारख्या होतात. सावलीतल्या भिंतीवर, मातीच्या ढेकळावर किंवा शेवग्याच्या वाळलेल्या फांदीवर बसलेला पतंग म्हणूनच सहज दिसत नाही. व्हरांड्याच्या पांढऱ्या चुन्यावर मात्र त्याला लपायला जागा नसते, आणि शाळेतल्या साळुंक्यांनी हे बहुधा आमच्या आधी ओळखले होते. आम्ही मोजलेल्या पतंगांचे पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत सहा-सात सेंटिमीटरच्या आसपास भरले. माद्या पोटाने जाड व संथ होत्या, तर नर सडपातळ आणि बसल्या जागी अस्वस्थ.

नर-मादी ओळखण्याची सोपी खूण शृंगिकांत, म्हणजे डोक्यावरच्या मिशांत, आहे. दोघांच्याही शृंगिका दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या फणीसारख्या असतात, पण नराचे दाते लांब असतात. मादीने हवेत सोडलेला गंध टिपण्यासाठी त्याला तेवढा पृष्ठभाग लागतो. या कुलातल्या पतंगांची सोंड खुरटलेली किंवा नाहीशीच झालेली असते. प्रौढ पतंग काही खात नाही, पिकाला तोंड लावत नाही, फुलावरही बसत नाही. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो आपले थोडे दिवस काढतो, जोडी जमवतो, अंडी घालतो आणि मरतो. प्रौढ पतंग हातात धरल्याने आमच्यापैकी कुणाच्याही अंगाला खाज सुटली नाही. दिव्याखाली पडलेली पाखरे पाहून घाबरलेल्या पालकांना हे दाखवून देणे आवश्यक होते, कारण पहिल्या बैठकीत रोष सुरवंटांइतकाच या पाखरांवरही होता.

मराठवाड्यात ज्यांच्याशी गल्लत होते ते पतंग वेगळे करणेही गरजेचे ठरले. सोयाबीनवर येणाऱ्या बिहारी केसाळ अळीचा पतंग याहून लहान असतो, त्याच्या फिकट पंखांवर काळे ठिपके असतात आणि पोटाचा वरचा भाग लालभडक असतो. भुईमुगावरच्या लाल केसाळ अळीचा पतंग पांढरट असून त्याच्या पुढच्या पंखांवर तपकिरी रेघा असतात. टसरचा पतंग या सगळ्यांच्या कितीतरी पट मोठा, आणि त्याच्या चारही पंखांवर काचेसारख्या पारदर्शक मध्यभागाचे गोल डोळे असतात. आपला पतंग त्यांच्यासमोर अगदीच साधा. अंगभर केस, एकसारखा तपकिरी रंग आणि ठिपक्यांचा अभाव, एवढीच त्याची ओळख. गावातील काही शेतकऱ्यांची समजूत होती की हेच सुरवंट पुढे सोयाबीनवर उतरणार. शेजारच्या सोयाबीनमध्ये बिहारी केसाळ अळी त्या सुमारास होतीही; पण ती वेगळ्या कुलातली, वेगळ्या सवयींची, आणि शाळेची झाडे तोडल्याने तिच्यात काडीचाही फरक पडला नसता.

सुरवंटाविषयी थोडक्यात सांगायचे तर, तो तपकिरी असतो, अंगभर दाट केस असतात आणि पूर्ण वाढीला तो बोटभर लांब होतो. त्याचे केस ठिसूळ असल्याने त्वचेत रुतून मोडतात. सुरवंट निघून गेल्यावरही त्याची टाकलेली कात सालीला चिकटून राहते आणि तिच्यावरचे केस वाऱ्याने उडतात. मुलांना झालेला त्रास बहुतांशी या कातीचा आणि झाडाखाली वाळत घातलेल्या टॉवेलांचा होता, हे आम्हाला चौकशीतून कळले. ज्या मुलीचा डोळा लाल झाला तिने त्याच टॉवेलाने तोंड पुसले होते. अशा वेळी न चोळता चिकटपट्टीने केस उचलावेत, वाहत्या पाण्याने जागा धुवावी आणि डोळ्याचा प्रश्न असेल तर घरगुती उपाय न करता तडक डॉक्टर गाठावा, एवढी सूचना फळ्यावर लिहून ठेवली.

तो राहतो कुठे

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. लोक म्हणत होते की पतंगाचे घर म्हणजे शेवग्याचे झाड, आणि म्हणून झाड गेले की पतंग गेला. वर्षभराचा हिशेब मांडला तेव्हा चित्र निराळे निघाले. मृग ते दिवाळी या काळात अंडी आणि सुरवंट झाडावर असतात. प्रौढ पतंग काही रात्री हवेत असतो. आणि उरलेला सगळा हिवाळा व उन्हाळा, म्हणजे वर्षाचा मोठा भाग, तो कोश होऊन जमिनीत पडून असतो. झाड ही त्याची खानावळ आहे. मुक्काम मातीत.

मादी पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर पुंजक्यांनी अंडी घालते. त्यांतून निघालेले सुरवंट गटाने राहतात, पाला खातात आणि सालही खरवडतात. उपद्रव वाढला तर झाड निष्पर्ण होते. रात्री वर चढून चरणे आणि दिवसा खाली उतरून बुंध्यावर एकत्र बसणे ही त्यांची सवय. वेलदोड्याच्या मळ्यांत याच युप्टेरोट गटातल्या इतर जातींचे सुरवंट सावलीच्या झाडांच्या खोडांवर असेच दिवसा गोळा होतात. शेवग्याच्या बाबतीत या सवयीला झाडाची ठेवणही कारणीभूत असावी असे मला वाटते. शेवग्याचा पाला बारीक आणि विरळ असतो. भाद्रपदातल्या उघडिपीत बालाघाटावरचे ऊन चांगलेच भाजते, आणि अशा पाल्यात मोठ्या सुरवंटाला ना सावली मिळते ना आडोसा. बुंध्याची साल मात्र जाड, मऊ, भेगाळलेली आणि सुरवंटाच्याच रंगाची असते. आम्ही पाहिलेले बहुतेक गट बुंध्याच्या उत्तर आणि पूर्व बाजूंना, सावलीत होते.

पूर्ण वाढलेला सुरवंट खाली उतरतो, झाडाच्या घेरातच मऊ माती शोधतो, आणि रेशमाचे थोडे धागे व स्वतःचेच केस गुंफून सैलसर कवच करून आत कोशात जातो. रेशीम व्यवसायाला उपयोगी पडावा असा हा कोष नव्हे. तो बोटांनी फाटतो, आणि त्यात गुंतलेले केस खाज आणतातच. पुढचा पाऊस जमिनीत मुरेपर्यंत तो तसाच राहतो.

आता शाळेची जागा पाहू. मूळ जमीन मुरमाड आणि कडक आहे. परसबागेसाठी तिच्यावर पाझर तलावातला गाळ आणून पसरला होता. स्वयंपाकघराचे सांडपाणी त्याच वाफ्यांत सोडलेले असल्यामुळे शिमग्यानंतर आजूबाजूची जमीन दगडासारखी होते तेव्हाही शेवग्याखालची माती ओलसर व भुसभुशीत राहते. वार्षिक परीक्षा आणि सुट्टी यांमुळे तिथे मार्च ते जून कुदळ लागत नाही, आणि पाचोळा जागच्या जागी पडून राहतो. महिनोन्महिने न हललेली मऊ माती, तिच्या डोक्यावर खाद्यवनस्पती, आणि काही पावलांवर रात्रभर जळणारा पांढरा दिवा. या पतंगाला हवे ते सगळे एका गुंठ्याच्या आत जमून आले होते.

गाळाबरोबर हे किडे आले, असा एक प्रवाद गावात होता. तो टिकण्यासारखा नव्हता. तलावाच्या तळाचा गाळ वर्षातून कित्येक महिने पाण्याखाली असतो आणि तिथे शेवग्याचे झाड नसते. अशा मातीत या पतंगाचे कोश असण्याचे कारण नाही. गाळाने कोश आणले नाहीत, कोशांना जागा मात्र करून दिली, हे खरे.

याची पडताळणी करण्याची संधी जवळच होती. त्याच शिवारात, शाळेपासून फार दूर नाही, एका शेतकऱ्याची पीकेएम-१ वाणाची शेवग्याची बाग आहे. झाडांची संख्या शाळेच्या अनेक पट, वाण तसाच, पाऊस तोच. तिथे शोधूनही सुरवंटांचे मोजकेच गट सापडले. बागेत उन्हाळ्यात छाटणी होते, दोन ओळींत वखराच्या पाळ्या पडतात, बुंध्याभोवतीची आळी दरवर्षी खणून शेणखत भरले जाते. कुदळीने उघडे पडलेले कोश वैशाखाच्या उन्हात करपतात किंवा साळुंक्या, बगळे वेचतात. बागायतदाराने या पतंगाविरुद्ध कधी काही केले नव्हते. त्याला तो माहीतही नव्हता. केवळ मशागतीने त्याच्याकडे पतंगाला थारा मिळाला नव्हता. झाड सारखेच असूनही जमिनीच्या वागणुकीतल्या फरकाने एवढे अंतर पडते, हे समितीच्या सदस्यांनी स्वतः जाऊन पाहिले, आणि माझ्या बोलण्यापेक्षा त्याचाच परिणाम अधिक झाला.

दिव्याविषयीही एक गोष्ट नोंदवायला हवी. पतंग दिव्यावर प्रेमाने झेप घेतात ही कविकल्पना शतकानुशतके चालत आली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणावरून असे दाखवले गेले की, उडणारे कीटक प्रकाशाकडे पाठ करून आपली वरची दिशा ठरवतात. रात्रीच्या आकाशाखाली हे चालते, पण कृत्रिम दिव्याजवळ ते सतत तिरके होत त्याच्याभोवती अडकून पडतात. शाळेच्या खांबावरचा निळसर पांढरा दिवा परिसरातल्या पतंगांना असाच अडकवत असे, आणि अडकलेल्या माद्यांना अंडी घालण्याजोगी सर्वांत जवळची झाडे परसबागेतली होती.

काय केले आणि काय टाळले

टेंभ्याचा बेत सोडून देण्यात आला. बुंध्यावर गोळा झालेले सुरवंट पेटत्या टेंभ्याने जाळण्याचा सल्ला जुन्या शेती-मार्गदर्शनात आढळतो आणि उघड्या माळावरच्या झाडाला तो कदाचित चालेलही. पण शेवग्याची साल मऊ असते, ती भाजली की झाड कुजू लागते, आणि जळणाऱ्या केसांचा धूर वर्गांच्या खिडक्यांपासून काही फुटांवर करणे मला मान्य नव्हते. रासायनिक फवारणी दोन कारणांनी बाद झाली : पाला आणि शेंगा मुलांच्या ताटात जातात, आणि पलीकडे तुती आहे. एका सदस्याने जैविक म्हणून बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे औषध सुचवले. माणसाला आणि पक्ष्यांना ते निर्धोक मानले जाते हे बरोबर, पण पतंगवर्गीय अळ्यांसाठी ते बनलेलेच असल्याने रेशीमकिड्यालाही ते मारते. म्हणून तेही नको असे ठरले. पाच टक्के निंबोळी अर्काचा उपयोग अळ्या लहान असताना होतो, आणि ती वेळ त्या वर्षी निघून गेली होती. शिवाय तुतीच्या इतक्या जवळ तोही मला नको होता.

उरला तो सुरवंटाच्या स्वतःच्या सवयीचा फायदा घेणारा मार्ग. दिवसा सगळे बुंध्यावर, हाताच्या उंचीला, एकत्र बसलेले असतात. शनिवारी दुपारी, मुले घरी गेल्यावर, पालकांपैकी चौघांनी पूर्ण बाह्यांचे सदरे, रबरी हातमोजे आणि चष्मे घालून लांब दांड्याच्या खराट्याने सुरवंटांचे गट साबणाच्या पाण्याच्या घमेल्यांत पाडले. सालीवर आधी पाणी शिंपडल्याने केस उडाले नाहीत. कातीही ओल्या फडक्याने पुसून घेतल्या आणि सगळे खोल खड्ड्यात पुरले. पुढच्या आठवड्यांत उरलेसुरले गट तसेच काढले. फांद्यांच्या टोकांकडचे काही सुरवंट मुद्दाम तसेच राहू दिले, आणि याबद्दल बैठकीत मला बरेच ऐकून घ्यावे लागले.

त्यामागे कारण होते. केसाळ सुरवंट बहुतेक पक्षी टाळतात, पण कोकिळकुलातले पक्षी ते आवडीने खातात. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर "पेरते व्हा" म्हणून ओरडणारा पावशा आणि त्याच सुमारास येणारा चातक, दोघेही त्याच कुलातले. परसबागेमागच्या बाभळींवर सातभाईंचे थवे आहेत, त्यांच्याच घरट्यांत या दोघांची अंडी वाढतात, म्हणून दोघांचा वावर तिथे नेहमीचा. शिवाय पिंजऱ्यात ठेवलेल्या काही कोशांतून पतंगाऐवजी टॅकिनिड कुलातल्या परजीवी माश्या बाहेर आल्या होत्या. सुरवंट सगळेच्या सगळे संपवले असते तर या माश्यांनाही त्या परसबागेत राहायला कारण उरले नसते. पालकांना हे पुरते पटले असे म्हणता येणार नाही. वरच्या फांद्यांवर शिडी लावण्याची कुणाची तयारी नव्हती, त्यामुळे वाद वाढला नाही एवढेच.

खरे काम पुढच्या वैशाखात झाले. शाळेला सुट्टी लागताच शेवग्याखालचा पाचोळा ओढून काढला आणि प्रत्येक बुंध्याभोवती वीतभर खोल माती उलटून उन्हात टाकली. हातमोज्यांवाचून माती चिवडायची नाही, ही अट कटाक्षाने पाळली. तपकिरी, केसाळ कवचातले कोश मोठ्या संख्येने निघाले, बहुतेक बुंध्यापासून हातभर अंतराच्या आत. वर्गाच्या खिडकीलगतची दोन झाडे छातीच्या उंचीवर छाटली. खांबावरचा पांढरा दिवा काढून पिवळसर उजेडाचा, खाली झाकण असलेला दिवा बसवला, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतरच्या रात्री तो लवकर मालवला जाईल अशी व्यवस्था केली. निळसर-पांढऱ्या प्रकाशापेक्षा पिवळ्या प्रकाशाकडे पतंग कमी येतात. टॉवेल वाळत घालण्याची दोरी शाळेच्या दुसऱ्या बाजूला गेली.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. कुंड्यांतले पतंग तो आल्यानंतरच बाहेर पडले आणि त्यांच्यावरून ओळख पक्की झाली. व्हरांड्यात सकाळी एखाददुसरे पाखरू दिसे, आदल्या वर्षीसारखा खच मात्र पडला नाही. भाद्रपदात बुंधे तपासले तेव्हा एक झाड सोडून बाकीच्यांवर सुरवंटांचे गट नव्हते, किंवा चिमूटभर होते. ते एक झाड पाण्याच्या टाकीजवळचे. त्याच्या मुळाशेजारून नळाची वाहिनी जाते, ती फुटेल म्हणून वैशाखात तिथली माती कुणी हलवली नव्हती, आणि टाकीच्या गळतीने ती जागा बारमाही ओली असते. त्या बुंध्यावर उत्तर बाजूला सुरवंटांचा हाताच्या पंजापेक्षा मोठा थर होता. उशिरा आलेल्या पावसाचा वाटाही घटीत असणार, म्हणून सगळे श्रेय खणण्याला देता येत नाही. पण मग पाऊस सगळ्याच झाडांवर सारखा पडला असताना हे एकच झाड वेगळे का, याचे दुसरे पटणारे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. समितीने तो थर खराट्याने उतरवला आणि दिवाळीच्या सुट्टीत वाहिनी भिंतीच्या कडेने फिरवून घेण्याचा ठराव केला, म्हणजे येत्या उन्हाळ्यात तिथेही कुदळ चालवता येईल. तुतीवाल्या शेतकऱ्याच्या दोन्ही बॅच सुखरूप निघून कोष जालन्याच्या बाजारात गेले.